'मी' की 'आम्ही'? उपासना आणि आज्ञापालन

उपासना ही ख्रिस्तसभेच्या हाती सोपविलेली ठेव आहे. ठेव जपायची असते. तिच्यात आपल्या मर्जीने भर घालायची नसते किंवा घटही करायची नसते. हे तत्त्व आपणां सर्वांना मान्य असते. मात्र एका सर्वनामाने ते किती गंभीर रूप धारण करू शकते, हे अमेरिकेतील दोन घटनांनी दाखवून दिले आहे.

'मी तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणण्याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणण्याचा प्रघात काही ठिकाणी पडला होता. आईवडील, धर्ममातापिता व जमलेला समुदाय यांचा सहभाग व्यक्त व्हावा, हा त्यामागील हेतू. पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने ६ ऑगस्ट २०२० रोजी निर्वाळा दिला की असा बाप्तिस्मा वैध ठरत नाही. त्यानंतर डेट्रॉइट येथील एका तरुण धर्मगुरूला स्वतःच्या बालपणीच्या बाप्तिस्म्याच्या चित्रफितीत 'आम्ही' हा शब्द ऐकू आला. बाप्तिस्मा नाही, म्हणून दृढीकरण नाही, म्हणून गुरुदीक्षाही नाही! त्यांना हे सर्व संस्कार नव्याने स्वीकारावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये फिनिक्स धर्मप्रांताने जाहीर केले की एका धर्मगुरूने १७ जून २०२१ पर्यंत दिलेले बाप्तिस्मे अवैध मानावे लागतील. हजारो कुटुंबांना त्याची झळ पोहोचली.

एका शब्दासाठी एवढा कठोरपणा का, असा प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा निव्वळ अक्षराचा आग्रह नव्हे. पौर्वात्य ख्रिस्तसभांत 'देवाच्या या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे' अशा अर्थाचे शब्द वापरले जातात आणि ख्रिस्तसभा ते वैध मानते. तिथे 'मी' नाही, पण 'आम्ही'ही नाही. प्रश्न आहे तो अधिकाराचा. धर्मगुरू 'मी' म्हणतो तेव्हा तो स्वतःविषयी बोलत नसतो. बाप्तिस्मा देणारा प्रत्यक्ष ख्रिस्त असतो, ही संत अगुस्तीन यांची शिकवण द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली उपासनेवरील दस्तऐवजात स्वीकारली आहे. 'आम्ही' म्हणताच ख्रिस्ताच्या जागी समुदाय येऊन उभा राहतो. त्याच दस्तऐवजाने बजावले आहे की कुणीही, अगदी धर्मगुरूनेही, स्वतःच्या अधिकारात उपासनाविधीत बदल करू नये.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाप्तिस्मा कोणी द्यावा याविषयी ख्रिस्तसभा कमालीची उदार आहे. आणीबाणीच्या प्रसंगी, ख्रिस्तसभेचा उद्देश मनात बाळगून, ख्रिस्ती नसलेली परिचारिकाही वैध बाप्तिस्मा देऊ शकते. डेट्रॉइटच्या त्या धर्मगुरूने अर्पण केलेला मिस्सा अवैध ठरला, पण त्याने दिलेले बाप्तिस्मे मात्र वैधच राहिले. म्हणजे ख्रिस्तसभा देणाऱ्याची पात्रता पाहत बसत नाही. ख्रिस्ताचे दान अभंग राहावे एवढेच पाहते. आज्ञापालनाचा हा नियम पुरोहितशाहीच्या रक्षणासाठी नाही. तो पाळण्यात बांधलेल्या अजाण बालकाच्या हक्काच्या रक्षणासाठी आहे.

मग ज्यांची फसगत झाली त्यांचे काय? देवाने तारण संस्कारांशी जोडले आहे, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. त्या मातापित्यांची श्रद्धा देवापुढे वाया गेलेली नाही. पण देव उदार आहे म्हणून आपण बेफिकीर व्हावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

शौल राजाने उत्तम पशू अर्पणासाठी राखून ठेवले होते. त्याचा हेतू त्याला चांगलाच वाटत होता. देवाला अर्पणापेक्षा आज्ञापालन अधिक प्रिय आहे, हे शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले. आपणही मिस्सा अधिक 'आकर्षक' व्हावा म्हणून सूचना करतो, आग्रह धरतो. गायन, वाचन व सजावट यांत कल्पकतेला भरपूर वाव आहे आणि तो अवश्य घ्यावा. परंतु जिथे ख्रिस्त बोलतो तिथे आपण आपला आवाज मिसळू नये. वेदीपुढे आपण यजमान नसतो, आमंत्रित असतो, याचे भान धर्मगुरू व प्रापंचिक या दोघांनीही राखू या.