भोकाला अनडू नसतं!

मंडळी, अमेरिकेत एम१ गॅरंड विकत घेऊन तिला ‘मॉडर्न’ करणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. १९३६ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेली ही आठ गोळ्यांची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. क्लिप वरून आत जाते, त्यामुळे दुर्बीण डावीकडे सरकवूनच बसवावी लागते. एम१सीसाठी लष्कराने रिसीव्हरलाच भोकं पाडली. पण एम१डीत दुर्बिणीची बैठक नळीवर घेतली, रिसीव्हर शाबूत! आणि हौशी वीर आजही घरी ड्रिल घेऊन बसतात. ‘माझी रायफल, माझे पैसे’ म्हणे. मान्य! मग दस्ता बदला, पट्टा बदला, हवी तर नळीसुद्धा. मूळ भाग जपून ठेवा. आपण कोड बदलताना जुनी आवृत्ती ठेवतोच ना? महायुद्ध पाहिलेला रिसीव्हर मात्र परत मिळत नाही राव.