ध्वज आणि गाणे
अमेरिकेच्या दक्षिणेतील रॉक संगीताच्या मंचांवर, गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या सैन्याचा ध्वज वर्षानुवर्षे झळकला. ‘हा द्वेष नव्हे, वारसा होय’, असे समर्थक म्हणतात. आम्ही विचारतो, कोणाचा वारसा? त्या संगीताचा प्राण असलेले ब्लूज कृष्णवर्णीयांनी दिले. त्यांनाच तो ध्वज भिववितो! तो मिरविणाऱ्या कू क्लक्स क्लॅनने कॅथलिकांचाही द्वेष केला, हे आपण विसरू नये. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल-अभ्यासास जमलेल्या ९ कृष्णवर्णीयांची हत्या झाली; मारेकऱ्याची त्याच ध्वजासह छायाचित्रे सापडली. त्यानंतर गायक टॉम पेटी यांनी १९८५ च्या दौऱ्यात तो वापरल्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. मातीवरील प्रेम पवित्रच. परंतु शेजाऱ्याच्या मनात धडकी भरविणारे चिन्ह त्या प्रेमाचे नव्हे.