एकच तालीम, दोन देह

वसतिगृहातील आमच्या खोलीत दोन वर्षे एक प्रयोग चालू होता. तो कोणी मुद्दाम मांडला नव्हता आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. माझ्या रूम-पार्टनरने आणि मी एकाच महिन्यात व्यायामशाळेत नाव घातले. पहाटे साडेपाचला उठणे, तेच जोर, त्याच बैठका, तीच लोखंडी वजने. दुपारी एकाच खानावळीत तीच भाकरी, तीच उसळ. अंडीसुद्धा मोजून सारखीच. दोन वर्षांनी निकाल लागला तो असा : त्याचे दंड भरले, छाती रुंदावली, जुने सदरे अंगात शिरेनासे झाले. माझे जुने सदरे मला अजून बसतात. किंबहुना ते थोडे ढगळच होतात.

पाहणाऱ्यांनी या निकालाचा अर्थ चटकन लावून टाकला. तो कष्टाळू आणि मी कामचुकार! "तू बैठका मोजताना मधले आकडे गाळतोस," असे मित्र थट्टेने म्हणत, आणि खरे सांगायचे तर काही दिवसांनी मलाही तसेच वाटू लागले. घरून खानावळीसाठी आलेल्या पैशांतून मी पावडरीचा डबा आणला. त्यानेही काही होईना, तेव्हा स्वतःला जाणता म्हणवणाऱ्या एकाने हळूच इंजेक्शनाची वाट दाखवली. "तीन महिन्यांत अंग धरशील," हे त्याचे शब्द. ते इंजेक्शन मी घेतले नाही, याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नसून रिकाम्या खिशाला आहे. हे कबूल करूनच पुढचे लिहितो.

मी कला शाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु त्या दिवसांपासून या प्रश्नाने पिच्छा पुरवला आणि मिळेल ते वाचत गेलो. त्यातून माझे एक मत बनले आहे. खेळाडूचे शरीर पाहताना आपल्याला त्यातला घाम तेवढा दिसतो. जन्माने मिळालेले देणे आणि खेळाने लावलेली चाळण या दोन गोष्टी आपण विसरतो. या विसरण्यामुळे आपल्यासारख्यांचे बरेच नुकसान होते.

व्यायाम शरीराला वळण लावतो, हे आधी मान्य केले पाहिजे. शरीर मोठे हिशेबी असते. ज्या कामाचा तगादा लावाल, तेवढ्याचीच ते तरतूद करते. जड वजन नेटाने उचलत राहिले की स्नायूंचे तंतू जाड होतात. मैलोन्‌मैल धावणाऱ्याचे स्नायू तसे फुगत नाहीत. त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले आढळते. दोन्ही हात एकाच माणसाचे, म्हणजे आई-बापही तेच! तेव्हा हा फरक केवळ सरावाचा. आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना वजनाने चांगलाच वाढला होता. ते वजन उतरवून तो धावू लागला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. माणूस तोच, रक्त तेच. मेहनतीने देह पालटला.

मग माझाच का पालटला नाही? येथे दुसरी बाजू येते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी बैठे जीवन जगणाऱ्या शेकडो माणसांना, तीही कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन, २० आठवडे एकाच पद्धतीने जागच्या सायकलीवर व्यायाम करायला लावला. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरीने मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर वाढली. पण ही झाली सरासरी. काहींची क्षमता जवळजवळ जागची हलली नाही, तर काहींची चक्क लिटरभर वाढली. आणि ज्यांची भरपूर वाढली ते काही ठरावीक कुटुंबांत एकत्र सापडले. या फरकापैकी निम्म्याच्या आसपास वाटा वंशाकडून येत असावा, असा अंदाज निघाला. म्हणजे नुसते शरीरच नव्हे, तर व्यायाम अंगी लागण्याचा गुणही काही अंशी आई-बापांकडूनच येतो. हे वाचले त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

जन्माच्या देण्याची याहून ठळक उदाहरणे आहेत. एरो मॅंटिरांटा या फिनलंडच्या बर्फावरील धावपटूने १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके पटकावली. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी इतक्या जास्त असत की लोक संशय घेत. पुढे १९९३ मध्ये उलगडा झाला, की त्याच्या घराण्यातील अनेकांत एका जनुकात दुर्मीळ बदल होता आणि त्यामुळे त्यांचे शरीर जन्मतःच अधिक तांबड्या पेशी तयार करी. परंतु येथेही घाई करू नये. त्याच्या सगळ्या नातेवाइकांनी काही सुवर्णपदके मिळवली नाहीत! देणे अनेकांना मिळाले. त्याचे चीज करायला बर्फात वर्षानुवर्षे झिजावे लागले. तसेच उंची काय, चिवटपणा काय, एकेका गुणामागे पुष्कळ जनुके असतात. हल्ली मुलाची लाळ तपासून तो कोणत्या खेळात चमकेल ते सांगणारे दुकानदार निघाले आहेत. अशा तपासणीवरून खेळाडू निवडण्यास आधार नाही, असे क्रीडावैद्यकातील अभ्यासकांच्या एका गटाने २०१५ साली एकत्रितपणे जाहीर केले आहे. कुंडली पाहणाऱ्या ज्योतिष्यात आणि या दुकानदारात मला फारसा फरक दिसत नाही.

आता चाळणीविषयी. बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. वस्तुस्थिती उलटी आहे. उंच मुले त्या खेळात टिकतात, बुटकी गळतात, आणि उरलेल्यांकडे पाहून आपण खेळाला श्रेय देतो. मायकेल फेल्प्स ६ फूट ४ इंच उंच. पसरलेल्या हातांची लांबी उंचीहूनही अधिक. पोहण्याने त्याचे खांदे भरले असतील, पण हात लांब झाले नाहीत. उसेन बोल्ट ६ फूट ५ इंच उंच. २००९ साली बर्लिनला त्याने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले. त्याच बर्लिनमध्ये २०२२ साली एलिउड किपचोगेने मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत पुरी केली. त्याची उंची जेमतेम साडेपाच फूट आणि पोटऱ्या काडीसारख्या. मुद्गल फिरवलेल्यांना याचे मर्म लगेच कळेल. मुद्गलाचे वजन मुठीपासून दूर, टोकाला असते म्हणून तो फिरवताना दमछाक होते. पायाच्या टोकाकडचे वजनही तसेच. हजारो पावले टाकताना ते जितके कमी, तितके बरे. दोघेही धावपटूच, पण एकाच्या अंगावर दुसऱ्याची विजार चढणार नाही.

कुस्तीने मात्र ही चाळण जरा सैल केली आहे, कारण तिच्यात वजनाचे गट असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात लढले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन गेले. वजनाचे गट नसते तर त्यांना प्रत्येक वेळी दुप्पट वजनाच्या मल्लापुढे उभे केले असते आणि "अंगाने कमी पडतो" म्हणून घरी पाठवले असते.

या विषयावर बोलताना एका गोष्टीची मला धास्ती वाटते. 'रक्तातच आहे' हे शब्द आपल्याकडे फार लवकर जातीकडे वळतात. अमक्या जातीची मुले काटक, तमक्यांचे हे काम नव्हे, असे कट्ट्यावर सर्रास ऐकू येते. आनुवंशिकतेचा असला अर्थ काढणाऱ्यांनी रिचर्ड लेवोंटिन यांचे काम जाणून घ्यावे. माणसामाणसांतील आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकेका समूहाच्या आतच असतात, असे त्यांनी १९७२ सालीच दाखवले. माझा रूम-पार्टनर आणि मी एकाच गावचे, एकाच जातीचे आहोत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमच्या भगिनीवर्गाची अडचण आणखी निराळी. वजने उचललीस तर पुरुषी दिसशील, ही भीती त्यांना घरूनच घातली जाते. मीराबाई चानू हिने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवताना ११५ किलोचा भार डोक्यावर नेला, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक! तिच्याकडे पाहून कोणी पुरुषी म्हणेल काय? पुरुषाच्या देहात जो अंतःस्राव स्नायू फुगवतो, तो स्त्रीच्या देहात फारच थोडा असतो. बळ येते, देह कणखर होतो; रूप पालटत नाही. आणि पालटले तरी तो त्या मुलीचा प्रश्न आहे, शेजाऱ्यांचा नव्हे.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या मैदानावरच आहे. दर वर्षी पावसाळ्यात नव्या मुलांना रांगेत उभे करतात, एक नजर टाकतात आणि "तू ये, तू हो बाजूला" असे सांगतात. पहिल्या वर्षी मलाही बाजूला केले होते. जो देह अजून कसाला लागलेलाच नाही, त्याचा निकाल नजरेने कसा लावता येईल? माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला व विद्यार्थिनीला छोटी धाव, लांब धाव, गोळा आणि मल्लखांब यांची एकेक संधी द्यावी, आकडे वहीत लिहावेत आणि आठ आठवड्यांच्या सरावानंतर पुन्हा मोजावेत. आज कोण पुढे आहे यासोबत कोण किती सुधारला, हेही पाहावे. यासाठी एक घड्याळ, एक फीत आणि एक वही पुरेल. व्यायामशाळेच्या दारावर आणखी एक पाटी लागावी : दुसऱ्याचा देह इंजेक्शनातून मिळत नाही, मिळते ते बिघडलेले काळीज आणि यकृत.

गेल्या हिवाळ्यात क्रॉसकंट्रीच्या चाचणीला कोणीतरी आग्रह केला म्हणून मी उतरलो. माझा भरदार रूम-पार्टनर तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला. मी मात्र धावत राहिलो, आणि धावता धावता प्रथमच असे वाटले, की हा देह आपल्याशी भांडत नाही. संघात सहा जण घ्यायचे होते; मी नववा आलो. सरावाला आणखी दोन वर्षे मिळाली असती तर कदाचित सहांत बसलो असतो. पण ती दोन वर्षे मी आरशासमोर दंड मोजण्यात घालवली, आणि हे माझे शेवटचे वर्ष आहे.

यंदा जो काडीसारखा मुलगा रांगेतून बाजूला झाला असेल, त्याच्या हाती अजून दोन वर्षे आहेत. हा लेख त्याच्यासाठी लिहिला आहे.