वेग, वेळ, अंतर : सूत्राआधी सव्वा-दीड

शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीत 'वेग, वेळ, अंतर' हा घटक आला की बहुतेक वर्गांत पहिल्याच दिवशी फळ्यावर त्रिकोण येतो. वर अंतर, खाली वेग आणि वेळ. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं वाचा. बरं, आपल्या भाषेत वेग आणि वेळ दोन्हींचं पहिलं अक्षर 'वे'च! त्यामुळे त्रिकोणात 'अं, वे, वे' असं लिहून बसलेली मुलं पुष्कळ दिसतात आणि कोणता 'वे' कशाचा हे त्यांनाच सांगता येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा त्रिकोण पहिले आठ-दहा दिवस वर्गात आणूच नये.

मूल या घटकात नेमकं कुठे अडतं ते आधी पाहू. भागाकार येत नाही म्हणून अडणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण भागाकार चांगला येणारीही अडतात, ती तासावर. हे उदाहरण घ्या : एक गाडी ताशी ४५ किमी वेगाने जाते, तर १ तास २० मिनिटांत ती किती अंतर कापेल? सूत्र पाठ असलेलं मूल १ तास २० मिनिटांचे १.२० तास करतं, ४५ ला १.२ ने गुणतं आणि ५४ लिहून मोकळं होतं. गुणाकार बिनचूक, सूत्र बिनचूक, उत्तर चूक. पर्यायांत ५४ हमखास दिलेला असतो, म्हणून मुलाला शंकाही येत नाही. आता हेच तोंडी विचारा. तासाला ४५, मग २० मिनिटांत किती? २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १५. पंचेचाळीस आणि पंधरा, साठ. कागदच लागला नाही.

तास साठ मिनिटांचा आहे, शंभरचा नाही, हे मुलाला माहीत असतं. पण सूत्रात आकडे भरताना ते माहीत असणं कामाला येत नाही. कामाला येतात ते शब्द. पाव तास, अर्धा तास, पाऊण तास, सव्वा तास, दीड, अडीच. मराठीत हे शब्द तयार आहेत आणि त्यांच्यात अपूर्णांक आधीच बसलेला आहे. 'पाऊण तास' म्हणताना मुलाच्या डोळ्यांसमोर घड्याळाचा तीन चतुर्थांश भाग येतो. 'शून्य पूर्णांक पंच्याहत्तर तास' म्हटल्यावर काहीच येत नाही. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ करून घेत. ते सगळं घोकणं परत आणा असं मी म्हणत नाही. पण दहा-वीस-तीस-चाळीसची सव्वापट, दीडपट, अडीचपट रोज परिपाठानंतर पाच मिनिटं तोंडी घ्यायला काय हरकत आहे? ताशी ४० ने पाऊण तास गेलो, किती? तीस. ताशी ६० ने सव्वा तास? पंच्याहत्तर. आठवड्याभरात मुलं स्वतःच एकमेकांना घालू लागतात.

सेमी इंग्रजीच्या वर्गात हे जास्त गरजेचं आहे. तिथल्या मुलांना 'हाफ' आणि 'क्वार्टर' कळतं, पण सव्वा आणि पाऊण घरीसुद्धा कानावर पडेनासे झालेत. पालकांनी निदान घरात 'सव्वासात वाजले', 'पाऊण तासात निघायचंय' असं बोलत राहावं. वेगळी शिकवणी लागत नाही त्याला.

दुसरी पायरी रेषेची. वर्गाच्या फरशीवर खडूने लांब रेष ओढा. रेषेच्या वर किलोमीटर, खाली वेळ. अडीच तासांत ९० किमी गेली तर वेग किती, हे उदाहरण त्या रेषेवर मांडा. अडीच तास म्हणजे पाच अर्धे तास. ९० चे पाच भाग केले की अर्ध्या तासाला १८, तासाला ३६. ही आपली एकमान पद्धतच आहे. वहीपेक्षा इथे ती लवकर समजते, कारण मूल रेषेवर उभं राहून पाय टाकत मोजतं.

मग येतं ते प्रसिद्ध ५/१८. किमी प्रतितासचे मीटर प्रतिसेकंद करायचे तर ५/१८ ने गुणा, उलट करायचं तर १८/५ ने. परीक्षेच्या दिवशी नेमकं कोणतं कधी, हा गोंधळ ठरलेला. त्यापेक्षा एकच गोष्ट लक्षात ठेवायला सांगा : ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर. १८ किमी म्हणजे १८,००० मीटर, तास म्हणजे ३,६०० सेकंद, भागा आणि पाहा. मग ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५, सगळी साखळी आपोआप उलगडते. हे मैदानावर करून घ्या. ५० मीटर मोजा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. दहा सेकंदांत पोचलेलं मूल ताशी १८ किमीने धावलं! उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी ३६ च्या थोडं वर, आपल्या धावणाऱ्या मुलाच्या जेमतेम दुप्पट. हे ऐकल्यावर वर्गात जी चर्चा होते ती कुठल्याही गाईडमध्ये नाही.

आगगाडी आणि पुलाची उदाहरणं तर मुलांना जादूटोणाच वाटतात. खांब ओलांडताना फक्त गाडीची लांबी, पूल ओलांडताना गाडी अधिक पूल, हे पाठ करून देतात सगळे. का, ते कोणी विचारत नाही. ज्या गावाने रेल्वे पाहिली नाही तिथे उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घ्या. तो पुलावरून 'गेला' असं कधी म्हणायचं? इंजिन पलीकडे टेकलं तेव्हा की मागची ट्रॉली बाहेर पडली तेव्हा? दहा मुलांची रांग करून व्हरांड्यातून चालवली की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. मग १८० मीटर गाडी, २७० मीटर पूल, वेग ताशी ५४ किमी : एकूण ४५० मीटर, सेकंदाला १५, म्हणजे ३० सेकंद.

सरासरी वेगात तर मोठी माणसंही फसतात. जाताना ताशी ४०, येताना ६०, सरासरी ५०? अंतर १२० किमी धरा. जायला तीन तास, यायला दोन. पाच तासांत २४० किमी, म्हणजे ४८. हळू चाललेला वेळ जास्त असतो म्हणून सरासरी खाली ओढली जाते. डेक्कन क्वीन पुणे-मुंबई १९२ किमी साधारण सव्वातीन तासांत जाते, म्हणजे ताशी साठच्या आत-बाहेर. सपाटीवर ती याहून कितीतरी जोरात पळते, बोरघाट तिचा वेळ खातो.

काही सहकारी म्हणतात, हे सगळं छान आहे, पण परीक्षेत वेळ कुठे आहे? नवोदयला अंकगणिताचे २० प्रश्न आणि ३० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. मुद्दा खरा आहे. पण तोंडी हिशोब करणारं मूल सूत्र मांडणाऱ्यापेक्षा हळू असतं हे गृहीतच चुकीचं आहे. वरचं ४५ आणि २० मिनिटांचं उदाहरण दोन्ही पद्धतींनी घड्याळ लावून करून पाहा. पुढे बीजगणित आल्यावर सूत्र हवंच, तेव्हा ते द्यावं. पाचवीच्या मुलाला ते त्याने स्वतः चार-पाच वेळा शोधल्यावर द्यावं.

पालकांना एक काम सांगते. प्रवासात मुलाच्या हातात मोबाईल देण्याऐवजी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला द्या. दोन दगडांमध्ये दीड मिनिट लागलं तर वेग किती? आणि मोठ्यांसाठी एक : समृद्धी महामार्ग ७०१ किमी, कारला कमाल वेग ताशी १२०. हिशोबाने सहा तासही लागत नाहीत, तरी नागपूर-मुंबई आठ तासांत असं का सांगितलं जातं? मुलांना उत्तरं सुचू द्या. जेवण, डिझेल, घाटातला कमी वेग, भिवंडीजवळ आमण्याला महामार्ग संपल्यावरची पुढची गर्दी. मग विचारा, आठ तासांचा सरासरी वेग किती पडला, आणि दोन तास थांबलो असं धरलं तर चालत्या गाडीचा किती.