शिट्टी कोणाच्या बाजूने?

२२ जानेवारी २०२४ रोजी फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडने एका सामन्यात ७० गुण केले. चारच दिवसांनी डॅलसच्या लुका डॉन्चिचने अटलांटाविरुद्ध ७३ गुणांची मजल मारली. पुढे १८ फेब्रुवारीस निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यात एका संघाने २११ आणि दुसऱ्याने १८६ गुण नोंदविले. या आतषबाजीने प्रेक्षक दिपले असतील. परंतु एक साधा प्रश्न उरतोच. समोरचे पाच जण त्या वेळी काय करीत होते?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या, म्हणजे एनबीएच्या, जुन्या रसिकांचे उत्तर ठरलेले आहे: आजचे खेळाडू आळशी झाले, बचावाची कला मेली. हे निदान सोपे आहे, पण ते मला मान्य नाही. चढाई आणि बचाव यांचा तोल निसर्गाने ठरवून दिलेला नसतो. तो नियमांनी घडतो, आणि नियम माणसे करतात. तेव्हा जाब विचारायचा तर तो आधी नियमकर्त्यांना विचारला पाहिजे.

इतिहास हेच सांगतो. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये फोर्ट वेन संघाने बलाढ्य मिनियापोलिसला १९-१८ असे हरविले. चेंडू नुसता हातात धरून वेळ काढायचा, हीच त्यांची युक्ती. अशाने खेळच संपेल हे ओळखून १९५४ मध्ये, सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने, २४ सेकंदांत चेंडू कडीकडे टाकलाच पाहिजे असे बंधन आले. एका मोसमात संघांची सरासरी ७९ वरून ९३ गुणांवर गेली. हा नियम न्याय्य होता, कारण तो दोघांनाही सारखाच बांधीत होता. शिवाय त्या काळी नियम चढाईलाही वेसण घालीत. कडीखालच्या ज्या पट्ट्यात चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांहून अधिक उभे राहता येत नाही, तो पट्टा जॉर्ज मायकनच्या उंचीमुळे १९५१ मध्ये ६ फुटांवरून १२ फूट करण्यात आला. १९६२ मध्ये एकाच सामन्यात १०० गुण करणाऱ्या विल्ट चेम्बरलेनच्या काळात, १९६४ साली, तो १६ फूट झाला.

बचावाच्या वाट्याला मात्र मोजदादही उशिरा आली. बॉस्टनच्या बिल रसेलने १३ मोसमांत ११ विजेतेपदे मिळवून दिली, ती प्रामुख्याने बचावाच्या बळावर. पण त्याने किती फटके अडविले याची अधिकृत नोंदच नाही. ती नोंद एनबीएने १९७३-७४ पासून, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर, ठेवावयास सुरुवात केली. जे मोजले जात नाही त्याचे मोलही होत नाही, हा अनुभव केवळ खेळाच्या मैदानातला नव्हे.

याचा अर्थ बचावाचे सारेच सोवळे होते असा नाही. नव्वदच्या दशकात बचाव म्हणजे बऱ्याच अंशी धसमुसळेपणा झाला होता. चपळ, ठेंगण्या खेळाडूच्या अंगावर हात रोवून त्याची वाट अडविली जाई. १९९८-९९ च्या मोसमात सरासरी ९२ गुणांच्याही खाली घसरली. २००४ मध्ये या हाताला कठोरपणे मनाई करण्यात आली. शक्तीच्या दांडगाईपासून कौशल्याला दिलेले ते संरक्षण होते, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

खरा पालट झाला तो त्रैराशिकाने. दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत एनबीएत १९७९ साली आली, तेव्हा एक संघ सामन्यात असे सरासरी तीन प्रयत्नही करीत नसे. २०२४-२५ मध्ये ही संख्या ३७ च्या पुढे गेली. हिशेब सरळ आहे. दुरून शंभरांत ३६ वेळा नेम साधला तर १०८ गुण होतात. मधल्या अंतरावरून ४० वेळा साधला तरी ८०च. संघांना हे गणित उमगले आणि पाच बचावपटूंना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जमीन राखावी लागू लागली. त्यातच २०१८ मध्ये स्पर्शाविषयीचे नियम अधिक काटेकोरपणे पाळले जाऊ लागले. २००१ मध्ये क्षेत्रबचावाला मिळालेली मुभा, किंवा मुद्दाम अंगावर जाऊन फाउल उकळणाऱ्यांना २०२१ मध्ये घातलेला लगाम, हे बचावाच्या पदरात पडले, नाही असे नाही. पण बेरीज चढाईकडेच झुकली. २०२३-२४ च्या मोसमात सरासरी ११४ वर होती.

आणि इथेच मुख्य आक्षेप आहे. त्याच मोसमाच्या उत्तरार्धात, एकही लिखित नियम न बदलता, पंचांच्या शिट्ट्या कमी झाल्या आणि गुणही उतरले. पारडे चढाईकडे फार झुकले आहे काय, याचा विचार आपण आधीपासून करीत होतो, असे लीगच्या धुरिणांनी मागाहून सांगितले. बदलाची दिशा योग्यच होती. पण अर्ध्या वाटेवर, कोणाला न सांगता, शिट्टीच्या जोरावर कायदा बदलणे हे कोणत्या न्यायात बसते? ऑक्टोबरमध्ये जो स्पर्श गुन्हा होता, तो मार्चमध्ये निर्दोष कसा ठरला, हे विचारण्याचा अधिकार खेळाडूला आहे, तसाच प्रेक्षकालाही आहे.

कोणी म्हणेल, लोकांना गुण हवे असतात. परंतु चढाई रंगते ती पकडीच्या भीतीने, हे कबड्डी पाहिलेल्याला शिकवावे लागत नाही. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी विजेती ठरली ती लीगमधील सर्वोत्तम बचावाच्या आधारे. कला मेलेली नाही; तिला हक्काची जागा हवी आहे. ती जागा किती असावी यावर मतभेद होऊ शकतील. ती उघडपणे, मोसमाच्या आधी आणि लेखी ठरावी, यावर मात्र मतभेद होण्याचे कारण नाही.