आजीचा फोटो आजच काढा

घरातले म्हातारे माणूस गेले की फोटोची शोधाशोध सुरू होते. मग कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला चेहरा कापून मोठा करावा लागतो. त्यापेक्षा आजी हसती-बोलती असतानाच एक चांगला फोटो काढून ठेवावा. मोबाइल तर हातात आहेच.

मागे वाळत घातलेले कपडे, बादल्या, पत्रे दिसले की नजर तिकडेच जाते. मागचे पुसट झाले की चेहरा उठून दिसतो. जपानी शब्दावरून या पुसटपणाला 'बोके' म्हणतात. युक्ती सोपी आहे. आजीला भिंतीला टेकवून बसवू नका. अंगणात सावलीला बसवा. मागे वीस-पंचवीस फूट मोकळे राहू द्या. आपण तीन-चार फुटांवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसा आणि पडद्यावर तिच्या डोळ्यावर बोट टेकवा.

कॅमेरा असेल तर ५० मि.मी. लेन्स आणि एफ १.८ हा आकडा घ्यावा. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे आणि मागचे अधिक पुसट. मोबाइलचे भिंग बारीक, म्हणून 'पोर्ट्रेट'मध्ये तो मागचे हिशेबाने पुसतो. त्यात विरळ केस, पदराची कडही कधी पुसली जाते. तेव्हा एक साधा फोटोही काढावा. विकायच्या बैलाचा तर साधाच बरा! शिंगाचे टोक पुसले गेले, तर गिऱ्हाईक शंका घेईल.

तालुक्याला गेलात की आजीचा फोटो छापून आणा. मोबाइल हरवतो, बिघडतो. भिंतीवरचा फोटो नातवंडे पाहतात.