वैमानिकाची साक्ष

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेषांची एक रांग सरकत गेली आणि तर्कांना ऊत आला. कोणी उल्का म्हटले, कोणी परग्रहावरील यान. पुढे यवतमाळला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा निर्वाळा जाणकारांनी दिला. पुरावाच जमिनीवर आल्याने वाद मिटला.

वैमानिकाच्या हाती असे कडे लागत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकी नौदलाचे कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी प्रशांत महासागरावर भर दिवसा एक पांढरी, लांबट, बिनपंखांची वस्तू पाहिली. ते जवळ जाताच ती दिसेनाशी झाली. सोबतच्या विमानातूनही ती दिसली होती. तरी नौकेवर परतल्यावर वाट्यास आली ती थट्टाच. जून २०२१ च्या अमेरिकी सरकारी अहवालात अशा १४४ नोंदी होत्या. खात्रीचा उलगडा झाला तो एकीचा, आणि तो निघाला हवा गेलेला फुगा!

उडत्या तबकड्यांवर आमचा विश्वास नाही. परंतु ज्या नजरेवर आकाशाचे रक्षण सोपवावे, तिचीच साक्ष अडचणीची ठरताच हसण्यावारी न्यावी, हे आम्हांस मान्य नाही. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली, उड्डाणे खोळंबली, शोधार्थ राफेल विमाने धाडल्याचे वृत्त आले. अशा प्रसंगी वैमानिकांस काय दिसले, काय दिसले नाही, याचा वृत्तान्त संरक्षणाची गुपिते वगळून सरकारने प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.